फाउंड्री हातात घेणाऱ्या पोरीला

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. चीनवाल्याचा रेट आपल्यापेक्षा एवढा कमी कसा आणि आपल्यासारखे छोटे लोक टिकणार का, असं विचारलंयस. पप्पांनी फाउंड्रीचा, म्हणजे आपल्या लोखंड ओतायच्या कारखान्याचा, कारभार तुझ्याकडं दिला याचा मला खरंच आनंद झालाय, म्हणून बसून लिहितोय, फोनवर एवढं बोलणं होत नाही.

आधी एक कर, "आपल्याकडं मजुरी स्वस्त" हे डोक्यातून काढून टाक. कास्टिंगमध्ये, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात पार्ट ओतण्यात, मोठा पैसा जातो तो स्क्रॅप (भंगार), पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि विजेत. जगातलं जवळपास निम्मं कास्टिंग एकटा चीन करतो, आपण दुसऱ्या नंबरवर पण खूप मागं, आणि त्यांच्या कामगारांचे पगार तर आपल्या वर कधीच गेलेत, तरी ते पुढं आहेत कारण मोठे प्लँट, ऑटोमॅटिक लाईन, एकाच पार्टचे लांब रन, जवळ बंदर, कमी व्याज. आपल्याला कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला माल न्यायचा तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर ट्रक पळवायचा. वीजदरही आपल्या हातात नाही, शेतीला स्वस्त वीज द्यायची तर तो भार उद्योगाच्या बिलावर येतो, म्हणून तर आपल्याकडं कर्नाटकात जायची भाषा इतक्या वेळा झाली. ते भांडण संघटनेनं भांडायचंच, तू पण मीटिंगला जात जा. पण दर कमी होईपर्यंत थांबून चालत नाही.

आता वही घे. एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिट वीज धर. तुझं यिल्ड ६० टक्के, म्हणजे ओतलेल्या १०० किलोतले ४० किलो रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यातल्या धातूच्या वाटांमध्ये आणि जादा साठ्यात, जाऊन परत भट्टीत येतात. म्हणजे हाती आलेल्या कास्टिंगच्या टनाला १००० युनिट झाले. त्यात १० टक्के रिजेक्शन, म्हणजे चांगल्या मालाच्या टनाला ११११. आता यिल्ड ६५ वर नेलं आणि रिजेक्शन ४ वर आणलं तर तोच आकडा ९६१ च्या आसपास येतो. दीडशे युनिट वाचले, ९ रुपयांनी धरलं तरी किलोला सव्वा रुपयाच्या वर, आणि हे फक्त विजेचं, वाया गेलेला कोअर (पार्टमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), साच्याची सँड, फेटलिंगची म्हणजे पार्ट घासून साफ करायची मजुरी यात धरलेलीच नाही. कस्टमरकडं पन्नास पैसे वाढवून मागायला आपण चार चकरा मारतो गं, आणि इथं शेडमध्ये रुपया सांडतोय.

म्हणून रिजेक्शनचं रजिस्टर तू स्वतः ठेव. पार्ट, शिफ्ट, हीट नंबर (भट्टीची कितवी खेप), डिफेक्ट कुठला, ब्लो होल (आत अडकलेल्या वायूचं भोक) का श्रिंकेज (थंड होताना आकसून पडलेली पोकळी) का सँड ड्रॉप (साच्यातून गळलेली वाळू). रिजेक्शन आलं की मोल्डरवर, म्हणजे साचे करणाऱ्यावर, ओरडायचं ही आपल्याकडची जुनी सवय, ती तुझ्या शेडमध्ये नको. सँडचं मॉइश्चर बिघडलं, कोअर नीट भाजला नाही, मेटल थंड ओतलं, यात त्या माणसाचा किती दोष? उलट त्यालाच विचार, त्याला सगळं दिसत असतं, विचारत कोण नाही. आणि कस्टमरच्या मशीनवर गेल्यावर जो ब्लो होल सापडतो तो सगळ्यात महाग, कारण मशिनिंगचा खर्चसुद्धा आपल्या नावावर डेबिट पडतो. यिल्डसाठी रायझरचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर ओतून बघणं, करून घे, सगळ्या पार्टचं नको, ज्याचं टनेज जास्त अशा चार-पाच पार्टचं.

दुसरं दुखणं पेमेंटचं. १०० रुपयांचा माल १२० दिवस उधार, व्याज ११ टक्के, साडेतीन रुपये तिथंच गेले. कायदा २००६ पासून आहे, मायक्रो-स्मॉल उद्योगाला ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पुढं इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) हे कलम आलं, वेळेत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. पण तक्रार केली तर ऑर्डर जाते या भीतीनं सगळे गप्प, आणि ती भीती खोटी नाही. तरी उद्यम नंबर (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) बिलावर छापच, ट्रेड्सवर, म्हणजे उधार बिलाचे पैसे आधी मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी कर, आणि नवा कस्टमर घेताना रेटच्या आधी पेमेंट टर्म विचार. एकाच कस्टमरवर निम्म्याच्या वर धंदा जाऊ देऊ नको, स्क्रॅप आठवड्यात वाढतं आणि वाढीव रेट तिमाहीनंतर मिळतो, तेवढ्यात एकानं हात आखडला की पगार अडकतात.

एक्सपोर्टचं मनात आहे म्हणालीस. जरूर कर, पण बाहेरून येणाऱ्या मालावर युरोप कार्बनचं शुल्क लावतो, ते प्रकरण आधी समजून घे. लोखंड-स्टीलच्या यादीतल्या मालाच्या कार्बनचा रिपोर्ट ते ऑक्टोबर २०२३ पासून मागायला लागले आणि २०२६ पासून त्यावर पैसे लागू झाले. तुझा पार्ट यादीत आहे का ते बिलावरच्या एचएसएन कोडवरून (मालाच्या वर्गाचा नंबर) बघ. नसला तरी टनामागं किती युनिट हा आकडा मोठे कस्टमर आज ना उद्या मागणारच, आणि रजिस्टरमध्ये युनिटही लिहीत गेलीस तर तो तुझ्याकडं तयार असेल. अजून एक, तुझे किती पार्ट इंजिनमध्ये जातात ते मोज. गाड्या इलेक्ट्रिक होत चालल्यात, पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरच्या कामाकडं आत्तापासून हळूहळू सरक.

नवी मशीन घ्यायचं पप्पांच्या मनात आहे असं ऐकलं. त्यांना सांग, तीन महिन्यांचं रजिस्टर झाल्याशिवाय कोटेशनवर सही करायची नाही, मी सांगितलंय म्हणावं. पहिल्या महिन्याची पानं फोटो काढून पाठव, टॉपचे दोन डिफेक्ट घेऊन शेडमध्ये आपण एकत्र बघू, तुझ्या मेल्टरला, भट्टी सांभाळणाऱ्याला, पण थांबवून घे.

तुझा,
काका