वाचकांचे प्रश्न : ठाणे स्थानक

प्रश्न : डोंबिवलीकडे जाणारी फास्ट लोकल पूर्वी ठाण्यानंतर पारसिकच्या बोगद्यात शिरायची. आता ती मुंब्र्याच्या बाजूने का जाते?

उत्तर : बोगदा आता मुख्यतः मेल-एक्स्प्रेस गाड्यांसाठी आहे. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ठाणे ते दिवा या टप्प्यात फास्ट लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच जोडमार्गावरून धावत. एखादी मेल उशिरा आली, की तिच्यामागे लोकलची रांग लागे. पाचवी-सहावी मार्गिका करताना नवे रूळ कळवा-मुंब्र्याच्या बाजूने टाकले, फास्ट लोकल त्यांवर वळवल्या आणि बोगद्यातले रूळ मेल-एक्स्प्रेसना मोकळे केले.

इतिहास पाहिला तर फास्ट लोकल जुन्याच वाटेवर परतली आहे. १ मे १८५४ रोजी गाडी ठाण्यापुढे कल्याणपर्यंत गेली, ती खाडी ओलांडून मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालूनच. हा वळसा टाळायला सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा खोदला. तो १९१६ मध्ये सुरू झाला. इतक्या जुन्या बोगद्याने इतकी वर्षे उपनगरी वाहतुकीचा भार पेलला, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

प्रश्न : पहिल्या गाडीला तीन इंजिने होती, हे खरे का?

उत्तर : खरे. साहिब, सिंध आणि सुलतान. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन ती ३४ किलोमीटरवरच्या ठाण्यात आली.

प्रश्न : इंडिकेटरवर ‘एस’ पाहून स्लो गाडी समजून चढलो, ती निघाली कर्जत फास्ट. असे कसे?

उत्तर : ‘एस’ दोन ठिकाणी येतो. वेळेच्या आधीचे अक्षर गाडी कुठे जाणार ते सांगते आणि तिथे ‘एस’ म्हणजे कर्जत, ‘एन’ म्हणजे कसारा, ‘के’ म्हणजे कल्याण. कल्याणपुढे मार्ग फुटतो : ईशान्येचा कसाऱ्याकडे, आग्नेयेचा कर्जतकडे. त्या दिशांच्या इंग्रजी नावांवरून ही अक्षरे आली. वेळेनंतरचे अक्षर वेगाचे : ‘एफ’ फास्ट, ‘एस’ स्लो. म्हणून दोन्ही अक्षरे वाचल्याशिवाय चढू नका. बदलापूरला जायचे असताना कसारा गाडीत चढलात, तर कल्याणला उतरून गाडी बदला. शहाडला चूक लक्षात आली, तर मात्र उलट कल्याणला यावे लागते.

ठाण्यात कल्याणकडची फास्ट पाचवर आणि मुंबईकडची सहावर लागते. दोन्ही फलाट एकाच चौथऱ्याच्या दोन कडा असल्याने एकदम दोन गाड्या आल्या, की जिन्याच्या पायथ्याशी कोंडी होते. ही कोंडी कमी व्हावी म्हणून मे २०२४ अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाचव्या फलाटाची रुंदी वाढवली. ते काम फार आधीच व्हायला हवे होते. तरीही जिन्यापासून दोन-तीन डबे पुढे जाऊन उभे राहणे चांगले.

प्रश्न : ठाण्याहून वाशीला जायचे आणि समोर पनवेल गाडी लागली आहे. चढावे का?

उत्तर : चढा, पण तुर्भ्याला उतरा. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या नऊ, दहा आणि दहा-अ या फलाटांवरून सुटतात. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत वाट एकच. पुढे वाशी गाडी सानपाड्याकडे वळते आणि पनवेल गाडी जुईनगर, नेरूळकडे जाते. तुर्भे चुकले तर जुईनगरला उतरून मुंबईकडची हार्बर लोकल धरा. सानपाड्यानंतर वाशीच येते.

पासावर मात्र मार्ग छापलेला असतो. तुर्भेमार्गे काढलेला ठाणे–वाशी पास कुर्ल्यामार्गे चालत नाही. गर्दी टाळायला त्या बाजूने गेलात तर टीसी दंड करू शकतो. रोज याच मार्गाने जात असाल तर तीन महिन्यांचा पास काढा, तो मासिक पासाच्या २.७ पट दरात मिळतो.