ॲप तेच ते सुचवतं, मग ऐकण्यासारखे नवे पॉडकास्ट शोधायचे कुठे?

ॲपच्या भरवशावर राहू नका, माणसाच्या मागे जा. एखाद्या भागातला पाहुणा आवडला की त्याचं नाव ॲपमध्ये टाकून शोधा. तोच माणूस दुसरीकडे वेगळ्या रंगात सापडतो. आणि तिथला सूत्रधारही आवडला, तर पुढची सोय झालीच! अमित वर्मांचा इंग्रजी मुलाखतींचा पॉडकास्ट ‘द सीन अँड द अनसीन’ (२०१७ पासून) यासाठी उत्तम. भाग कित्येक तासांचे असतात, पण विषय पाहून निवडता येतात. मराठीत गप्पा हव्या असतील तर ‘अमुक तमुक’. गप्पांचा कंटाळा आला असेल तर रोमन मार्सचा ‘नाइन्टी नाइन पर्सेंट इनव्हिजिबल’ ऐका, रोजच्या वस्तू आणि इमारतींच्या रचनेवरचा. पहिल्या भागापासून सुरुवात मात्र करू नका, सुरुवातीचे भाग बहुतेकांचे कच्चेच असतात.