गावात इनडोअर फुटबॉल क्लब आणि शाळेतल्या सरावासाठी अनुदान कुठून मिळेल?

तालुक्याच्या गावी इनडोअर फुटबॉलचा क्लब काढायचा, जवळच्या शाळांमध्ये सराव सुरू करायचा, आणि त्यासाठी हॉल बांधायला अनुदान कोण देतं, असं तुम्ही विचारलंय. हॉलचं डोक्यातून काढा. पैसे मागायचे तर खेळासाठी मागा, सिमेंटसाठी नको.

मी यवतमाळ जिल्ह्यात खासगी संस्थेच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. जुलैत आमचं मैदान म्हणजे नुसता चिखल, काळी माती बुटाला धरून बसते. मे महिन्यात पारा ४५च्या वर. छताखाली खेळायची गरज खरी आहे, त्यात वादच नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकामावर करायच्या खर्चाचं काम बघणारे साहेब शाळेत आले. मी कागद तयार ठेवला होता: कोचचं मानधन, बॉल, बूट, आणि लांबच्या गावच्या मुलींना सरावानंतर घरी सोडायला ऑटोचं भाडं. संस्थेच्या अध्यक्षांनी तो बाजूला सारला आणि हॉलचा नकाशा पुढे केला, वडिलांच्या नावाच्या पाटीसकट. मला म्हणाले, "सर, पहिले बिल्डिंग होऊ द्या, मंग पोट्टे खेळतीनच." साहेबांनी जागेचा सातबारा मागितला. जागा संस्थेच्या नावावर झालीच नव्हती. वरून नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून. साहेब गेले ते पुन्हा आले नाहीत.

मग मी गावातल्या जिनिंगवाल्या भाऊंकडे गेलो. कापसाचा हंगाम संपला की त्यांची शेड दसऱ्यापर्यंत रिकामीच असते. भाडं घेतलं नाही त्यांनी. पोरांनी आधी फरशीवरून गाठींच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे वेचले, खांबांना भुसा भरलेला बारदाना गुंडाळला, चुन्याने रेषा मारल्या. गोलपोस्ट वेल्डरने जीआय पाइपचे करून दिले, ३ मीटर रुंद, २ मीटर उंच, अगदी फुटसालच्या, म्हणजे इनडोअर फुटबॉलच्या, मापाचे. साधा बॉल सिमेंटवर फार उसळतो, म्हणून ४ नंबरचा कमी उसळणारा फुटसाल बॉल मागवला. पहिल्या आठवड्यात गोलकीपर कोणी व्हायला तयार नव्हतं, तर सातवीतली एक पोरगी आपणहून उभी राहिली. दोन्ही कोपरं खरचटलेली, पण बॉल अडवला की सगळी शेड दणाणायची. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर ही संस्था उभी केली, ती काही आधी हॉल बांधून नाही.

आता पैशाचं. सरकारी शाळा असेल तर समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, यंदा त्यातून काय घेतलं. क्रीडांगण विकास आणि साहित्याच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा. तो पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, त्यामुळे मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेतल्या प्रशिक्षण केंद्राचा अर्ज करायचा असेल तर आधी चांगली कामगिरी केलेला खेळाडू कोच म्हणून शोधावा लागतो, गावात तिथेच घोडं अडतं.

सीएसआर मात्र सोडू नका. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात आणि कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं लागतं. परिशिष्ट ७ मध्ये ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण बसतं, म्हणजे कोचचं मानधन मागायला कायद्याचाच आधार आहे. वणी-चंद्रपूरकडे असाल तर कोळसा खाणींची वेकोलि, तुमसरकडे असाल तर मँगनीज खाणींची मॉईल, या कंपन्यांकडे जा. हे मी अध्यक्षांना तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो.

एक अडचण राहिली. सीएसआरसाठी संस्थेला आयकर खात्याची १२ए आणि ८०जी, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तुमचा क्लब नवा आहे, तेव्हा एखाद्या जुन्या, ऑडिट वेळेवर करणाऱ्या संस्थेमार्फत प्रस्ताव द्या, आणि तिचा बदल अर्ज निकाली निघालाय का ते आधी बघा. शेड घेतलीत तर मालकाची लेखी संमती घ्या, सरावाच्या वेळी मशीनचा मेन स्विच बंद ठेवा, कोपऱ्यातला कापूस झाडून काढा, आग लागायला वेळ लागत नाही. आणि तुमच्याकडेही कोणी नकाशा घेऊन बसलं असेल, तर त्यांना एवढंच विचारा: हॉल होईपर्यंत सातवीतली मुलं दहावी पास होऊन निघून जातील, त्यांनी खेळायचं कुठे?