सगळी मुळं वास्तव आहेत हे बहुपदी न सोडवता कसं ओळखायचं?

आपण सोलापूरचे, बीएस्सीला आहात असं या प्रश्नासोबत लिहिलंय, म्हणून उदाहरण तिकडचंच घेतो. पण आधी झटपट चाचणी.

तुमची बहुपदी क्ष³ + 2क्ष² + 3क्ष + 1. मुळांची बेरीज −2, दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज 3. म्हणजे मुळांच्या वर्गांची बेरीज 4 − 6 = −2. वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज ऋण कुठून येणार? म्हणजे सगळी मुळं वास्तव नाहीत, संपला विषय.

उलट मात्र चालत नाही. क्ष³ − 3क्ष + 5 मध्ये हीच बेरीज 6 येते, तरी वास्तव मूळ एकच: −1 ला किंमत 7, 1 ला 3, आलेख वळतो तो अक्षाच्या वरच. शेवटी 5 ऐवजी 1 ठेवा. −2, 0, 1, 2 ला किमती −1, 1, −1, 3 येतात. तीनदा चिन्ह बदललं, तिन्ही मुळं वास्तव. कुठल्याही घाताला खात्रीशीर चालणारी रीत स्टर्म या गणितज्ञाची, 1829 ची. हाताने करताना घाम फुटतो, पण चुकत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा आणि परत सोलापूर असा रस्त्यांचा फेरा घ्या. शेजारच्या गावांना 1, बाकी 0 असं 4×4 मॅट्रिक्स मांडा. त्याची लाक्षणिक बहुपदी (कर्णावर क्ष ठेवून त्यातून हे मॅट्रिक्स वजा केल्यावर येणारा निश्चयक) क्ष⁴ − 4क्ष², मुळं 2, 0, 0, −2. हा योगायोग नाही: वास्तव सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे तेच आकडे असलेल्या) मॅट्रिक्समधून अशी आलेल्या बहुपदीची सगळी मुळं वास्तवच असतात. अक्कलकोट जोडून स्वतः करून बघा.