तीन नाटके, एक गळा : संगीत रंगभूमीविषयी वाचकांचे प्रश्न

हौशी संगीत नाटकात काम करणाऱ्या तरुण कलावंतांची या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका हौशी संस्थेच्या संगीत नाटकात मला चार गाण्यांची दुय्यम भूमिका मिळाली आहे, दुसऱ्या संस्थेच्या नाटकात मी समूहात गाते आणि नाचते, शिवाय महाविद्यालयाच्या नाटकाची नृत्ये मीच बसवते आहे. तिन्ही प्रयोग महिन्याभराच्या अंतराने आहेत आणि त्यानंतर लगेच परीक्षा. कोणालाही नाही म्हणायचे धाडस होत नाही. सर्वांत लहान काम म्हणून समूहातले काम सोडावे का?

उत्तर : समूहातले काम लहान असते, या समजुतीतच तुमची अडचण दडलेली आहे. दुय्यम भूमिकेतील कलावंत आपले प्रवेश संपले की विंगेत बसू शकतो. समूहातील कलावंत मात्र गर्दीच्या प्रत्येक प्रवेशात असतो, मधल्या काही मिनिटांत पोशाख बदलतो आणि धापा टाकत स्वरमेळातली आपली ओळ सांभाळतो. एका भूमिकेचा प्रवेश आठवडाभर पुढे ढकलता येतो. समूहनृत्यातला एक जण गैरहजर असला की उरलेल्या सगळ्यांच्या जागा चुकतात, आणि खालच्या पट्टीत गाणारे मुळात तीनच असतील तर एकाच्या अनुपस्थितीने तो स्वर ऐकूच येत नाही. तेव्हा भूमिकेच्या आकारावरून निवड करू नका. कोणते काम कोणत्या आठवड्यात अंगावर येते, ते पाहून करा.

संगीत नाटकाच्या तालमींचा भार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा नसतो. आरंभीचे आठवडे गाणी शिकण्यात जातात, मग नृत्ये आणि प्रवेश तुकड्यातुकड्यांनी बसतात, त्यानंतर अंक सलग होऊ लागतात आणि अखेरीस वाद्यवृंदासह तालीम, प्रकाश-ध्वनीची तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम अशा सलग संध्याकाळी येतात. एका नाटकाचा शेवटचा आठवडा आणि दुसऱ्याचे गाणी शिकण्याचे दिवस एकत्र आले, तर आधी सांगून घेतलेल्या एक-दोन रजांत भागते. दोन नाटकांचे शेवटचे आठवडे एकमेकांवर आले तर भागत नाही. कितीही उत्साह असला तरी नाही. म्हणून प्रत्येक नाटकाच्या प्रयोगापासून मागे मोजत तिन्ही वेळापत्रके एकाच कागदावर उतरवा आणि परीक्षेच्या तारखा त्यावर सर्वांत आधी लिहा, कारण त्या बदलणे कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातात नाही.

नृत्य बसवण्याचे काम या तिन्हींत वेगळे आहे, कारण ते प्रयोगापूर्वीच संपवता येते. सलग तालमी सुरू होण्याआधी सगळी नृत्ये पूर्ण करा, त्यांचे चित्रीकरण करून ठेवा आणि नाचणाऱ्यांपैकी एका नेटक्या मुलाकडे किंवा मुलीकडे ती राखण्याची जबाबदारी सोपवा. व्यावसायिक नाटकांतही ही प्रथा असते. नृत्यदिग्दर्शक पहिल्या प्रयोगानंतर निघून जातो आणि नृत्यप्रमुख म्हणून नेमलेला कलावंत पुढचे सगळे प्रयोग सांभाळतो.

एवढे करूनही दोन नाटकांच्या तारखा एकमेकांत अडकत असतील, तर ज्या दिग्दर्शकाला तुमच्या जागी दुसरे कोणी उभे करायला अजून वेळ आहे, त्याच्याकडे याच आठवड्यात जा. दोन महिने आधी कळलेली गैरहजेरी वेळापत्रकात बसवता येते. त्याच दिवशी दुपारी कळवलेली बसवता येत नाही, आणि हौशी संस्थांमध्ये माणसे दुखावतात ती बहुधा अशाच निरोपांनी. प्रत्येक दिग्दर्शक केवळ आपल्या तालमींचे तास मोजत असतो. त्यात त्याचा दोष नाही, परंतु तिघांची बेरीज करणारे दुसरे कोणी नसल्यामुळे ती तुम्हालाच करावी लागेल.

प्रश्न : प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात माझा आवाज हमखास बसतो. तरीही दिग्दर्शक पूर्ण आवाजात गायला सांगतात. घरगुती काढे घेऊन पाहिले, पण तात्पुरता आराम पडतो. मी काय करावे?

उत्तर : गाताना गळ्यात काय घडते ते एकदा समजून घ्या. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची उघडझाप सेकंदाला शंभराहून थोडी अधिक वेळा आणि स्त्रीच्या स्वरतंतूंची साधारण दोनशे वेळा होते. वाद्ये जुळवण्यासाठी जगभर वापरला जाणारा ४४० कंपनांचा सूर एक मिनिट धरून ठेवला, तर ती उघडझाप २६,४०० वेळा होते. संवाद, समूहगान आणि स्वतंत्र गाणी धरून एका संध्याकाळचा हिशेब काही लाखांत जातो. त्यात दिवसभराच्या गप्पा, गोंगाटात मारलेल्या हाका आणि तालमीनंतरचा आरडाओरडाही मिळवावा लागतो. तुमचा आवाज बसतो तो शेवटच्या आठवड्यातल्या गाण्यांनीच बसतो असे मानू नका; आठवडाभराचे बोलणे त्यात धरून पाहा.

काढ्याने बरे वाटते हे खरे आहे, पण गिळलेला कोणताही पदार्थ स्वरतंतूंना स्पर्शच करत नाही. तो अन्ननलिकेत जातो आणि स्वरतंतू श्वासमार्गात असतात. अन्नपाणी त्यांच्यावर पडले तर माणसाला ठसका लागेल. शरीरातील पाण्याचा उपयोग तिथपर्यंत पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे रंगमंचावर जाण्यापूर्वी घटाघटा पाणी पिण्यापेक्षा सकाळपासून थोडे थोडे पिणे हिताचे. वाफेचा ओलावा मात्र श्वासाबरोबर थेट जातो. घसा सतत खाकरण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणेही अनेकांच्या गळ्यावर ताण आणते, त्यापेक्षा गप्प बसणे बरे.

दिग्दर्शकांशी बोलताना ‘मी आज गाणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘मी आज खुणेपुरते गातो’ असे सांगा. ताल, शब्द, प्रवेशाची जागा आणि श्वास सगळे बिनचूक ठेवून आवाज हलका घेणे आणि वरच्या जागा खालच्या सप्तकात घेणे ही ऑपेराच्या व्यावसायिक गायकांचीही मान्य पद्धत आहे. तांत्रिक तालमीत तर ती सर्वांनीच पाळावी, कारण त्या दिवशी काम प्रकाशयोजनेचे आणि नेपथ्याचे असते व एकच प्रवेश अनेकदा होतो. ध्वनिव्यवस्थेचा माणूस ज्या गाण्यांसाठी पूर्ण आवाज मागेल, तेवढीच गाणी पूर्ण आवाजात गा.

दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन गाऊ नका. वेदना हीच थांबण्याची सूचना असते, आणि ॲस्पिरिनसारखी औषधे रक्त गोठण्याची क्रिया मंदावत असल्यामुळे स्वरतंतूंत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. गाता गाता आवाज एकाएकी गेला तर त्या क्षणी थांबा आणि तातडीने डॉक्टरांना दाखवा. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. गाठी आढळल्या तरी घाबरून जाऊ नका. बहुतेकांच्या बाबतीत पहिला उपचार शस्त्रक्रियेचा नसून आवाजाच्या व्यायामांचा आणि बोलण्याच्या सवयी बदलण्याचा असतो.

प्रश्न : मी चांगला गातो, पण नाचात फारच कच्चा आहे. निवडीच्या वेळी गाणे, अभिनय आणि नृत्य तिन्ही मागतात. नृत्य येत नसल्यास संगीत नाटकाचा नाद सोडावा का?

उत्तर : सोडू नये. सगळे एकाच माणसाला आले पाहिजे ही अपेक्षा तशी अलीकडची आहे. विष्णुदास भावे यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे; १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले तेव्हा पात्रे स्वतः गाऊ लागली. न्यूयॉर्कमध्ये १९४३ साली रंगमंचावर आलेल्या ‘ओक्लाहोमा!’मधील स्वप्नदृश्यात नायक-नायिकेच्या जागी दोन नर्तक नाचत. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त मात्र त्याच तरुण मंडळींना गाणे, नाचणे आणि अभिनय एकत्र करावे लागले, आणि पुढे हीच अपेक्षा रूढ होत गेली.

हौशी संस्थेत निवड करणाऱ्याला तुमच्याकडून नर्तकाची सफाई नको असते. ऐकलेली ताल-मात्रा पायांत उतरते का, चुकल्यावर तुम्ही थांबता की पुढच्या आवर्तनात मिसळता, आणि पाय मोजताना चेहरा कोरा पडतो का, एवढेच तो पाहतो. काही महिने प्राथमिक वर्गाला जा. मात्र गाणे आणि नाच वेगवेगळे घोटू नका. पावले बसली की तीच पावले टाकत गा. धाप लागलेल्या अवस्थेत ओळ कुठे तोडायची, हे उभ्याने गाऊन कळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे तो मुलांच्या भूमिकांत गातो. आता आवाज मध्येच फाटतो आणि त्यामुळे तो रडकुंडीला येतो. पुढच्या नाटकाच्या तालमी सुरू होणार आहेत. त्याचे गाणे थांबवावे का?

उत्तर : ताई, गाणे बंद करण्याचे कारण नाही, परंतु जुन्या पट्टीचा हट्ट बंद करावा. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो; मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन अर्धस्वरच. उतरण्याचा काळ काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. संगीत दिग्दर्शकांना आत्ताच कल्पना द्या आणि जमल्यास संवादप्रधान भूमिका मागा. ज्या मोजक्या सुरांत आवाज सहज लागतो तेवढ्यात त्याला रोज थोडे गाऊ द्या. त्याच्या झोपेकडे मात्र कडक लक्ष ठेवा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमी पहिला घाला तिच्यावरच घालतात. लहानांचे प्रवेश आधी घेऊन त्यांना घरी सोडण्याची मागणी पालकांनी एकत्रितपणे केली, तर ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : मला मुख्य भूमिकेची पर्यायी कलावंत म्हणून निवडले आहे. आमचे चारच प्रयोग आहेत. ही मेहनत वाया जाणार का?

उत्तर : १९५४ मध्ये ‘द पजामा गेम’ या नाटकातील कॅरल हॅनी यांचा पाय दुखावला आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या शर्ली मॅक्लेन यांना त्यातून चित्रपटाचे दार उघडले, ही गोष्ट प्रत्येक पर्यायी कलावंताला ऐकवली जाते. चार प्रयोगांच्या नाटकात तिच्यावर फार विसंबू नका. काम स्वीकारण्यापूर्वी दिग्दर्शकांना दोन गोष्टी स्पष्टपणे विचारा : निदान एक सलग तालीम तुम्हाला मुख्य भूमिकेत मिळेल का, आणि चारपैकी एखादा प्रयोग ठरवूनच तुमच्याकडे देता येईल का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली आणि समूहातही तुम्हाला काम नसेल, तर त्या संध्याकाळी दुसऱ्या एखाद्या नाटकातल्या लहान भूमिकेला देणे अधिक उपयोगाचे ठरेल.