दूध संस्थेसाठीच्या आमच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं पहिलं रिलीज कधी काढावं, त्यात काय असावं?

प्रश्न वाचून मला कळलं ते असं: तुम्ही तिघे मित्र कोल्हापूरजवळच्या गावातल्या दूध संस्थेसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर लिहिताय, कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना खुला आहे, करायच्या कामांची यादी रोज वाढतेय, आणि किती फीचर्स झाल्यावर पहिलं रिलीज म्हणायचं यावर तिघांचं एकमत होत नाही.

फीचर्स मोजूच नका. एक संस्था धरा, तिथला एक कॉम्प्युटर धरा, तिथला एक सचिव धरा. तुमच्यातलं कुणीही शेजारी नसताना त्या सचिवाला एक अख्खं दहा दिवसांचं बिल काढता आलं, की रिलीज तयार. त्याच्या आड येणारं प्रत्येक काम आधी करायचं, बाकीचं सगळं पुढच्या वेळी.

मी शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. दूध धंदा माझा नाही, पण घरी म्हशी आहेत, त्यामुळे बिलाच्या पावतीवर लोक काय बघतात ते ठाऊक आहे.

या मापाने तुमची यादी चाळली तर राहतं एवढंच: सभासदांची नोंद, सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून दर, पशुखाद्य आणि उचलीची कपात, बिलाची छपाई, बॅकअप. मोबाइल ॲप नको. एसएमएस नको. दूध तपासायच्या मशीनला थेट जोडणीही नको, कारण प्रत्येक कंपनीचं मशीन आकडे आपल्या तऱ्हेने पाठवतं, आणि त्यात शिरलात की महिने जातील. आकडे हाताने भरू द्या, आजही बऱ्याच ठिकाणी भरतातच.

खरा वाद होईल तो दिवाळीच्या दूध फरकावर, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर सभासदांना मिळणाऱ्या जादा रकमेवर. आपल्याकडे फरक म्हणजे सणच, त्यामुळे ‘फरकाशिवाय कसलं सॉफ्टवेअर’ असं कुणीतरी म्हणणारच. पण फरक वर्षातून एकदा निघतो आणि जुन्या नोंदींवरूनच निघतो. म्हणून फरकाचा हिशोब करणारा कोड आज नसला तरी चालेल, तो हिशोब ज्यावर उभा राहणार ती माहिती मात्र पहिल्या दिवसापासून साठली पाहिजे. दर वेळच्या नोंदीत लिटर, फॅट, एसएनएफ, गाय की म्हैस, आणि त्या वेळी लागलेला दर, हे सगळं राहू द्या. नुसती रक्कम साठवून मोकळे झालात तर दिवाळीला हात चोळत बसाल. दर प्रत्येक नोंदीसोबत ठेवायचं दुसरंही कारण आहे: दरपत्रक मध्येच बदलतं, आणि नवीन दर भरल्यावर मागची बिलं आपोआप बदलली तर सचिव ते सॉफ्टवेअर पुन्हा उघडणार नाही.

तुमचा जास्त वेळ इथेच जायला हवा. रक्कम रुपयांत नको, पैशांमध्ये, पूर्णांकात साठवा, फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरच्या दशांश आकड्यांत) ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही हे तुम्हाला माहीत असेलच, पण तीनशे सभासदांच्या बेरजेत ते दिसायला लागतं. ‘दहा दिवसांचं बिल’ म्हणतो खरं, पण २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं बिल कधी ८ दिवसांचं असतं, कधी ९, १० किंवा ११. कोडमध्ये कुठे १० हा आकडा थेट लिहिलेला असेल तर तो आजच काढा, आणि फेब्रुवारीची चाचणी आधी लिहा.

रिलीज क्रमांकावर भांडू नका. ०.१.० द्या. लिनक्सचं ०.०१ सप्टेंबर १९९१ मध्ये आलं तेव्हा ते कम्पाइल करायलासुद्धा मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लागायची, १.० यायला मार्च १९९४ उजाडलं. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर २००३ मध्ये सुरू झालं आणि १.० झालं २०२० मध्ये, मधली सगळी वर्षं लोक ते वापरतच होते. सिमॅंटिक व्हर्जनिंग या आवृत्ती क्रमांकांच्या पद्धतीच्या नियमानुसार शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकात काहीही बदलायची मुभा असते. ही मुभा बटणं आणि स्क्रीन बदलायला वापरा, लोकांच्या डेटाबाबत वापरू नका. ०.१.० मध्ये भरलेला डेटा ०.२.० मध्ये न हरवता उघडला पाहिजे. त्यासाठी डेटाबेसमध्येच रचनेचा क्रमांक लिहून ठेवा, आणि नवीन आवृत्ती पहिल्यांदा चालू होताना आधी बॅकअप घेऊन मगच रचना बदलेल असं करा. हे काम कंटाळवाणं आहे. पण एकदा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर डेटा जमा झाला की ते टाळता येत नाही, म्हणून आधीच करा.

लायसन्सचं रिलीजनंतर बघू, असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका. लायसन्सची फाइल नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असूनही तो वापरायचा, वाटायचा हक्क कुणाला मिळत नाही. शिवाय तिघांनी लिहिलेल्या भागाचा कॉपीराइट ज्याचा त्याचा, उद्या बाहेरच्या दहा जणांनी भर घातली की लायसन्स बदलायला त्या सगळ्यांची संमती शोधत फिरावं लागेल. आज तिघे एका टेबलावर बसून ठरवू शकता. कुणीही घ्यावं, बदलावं, विकावं असं वाटत असेल तर एमआयटी. बदलून वाटणाऱ्याने आपला कोडही खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. तुमच्यातला एकजण पुण्यातल्या कंपनीत नोकरीला आहे म्हणालात, त्याने आपलं नेमणूकपत्र नीट वाचावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो.

चाचणीसाठी संस्थेच्या सभासदांची खरी यादी रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) टाकलेली असेल तर आत्ताच थांबा. नावं, खाते क्रमांक, मोबाइल नंबर नंतरच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) पुसले तरी गिटच्या इतिहासात तसेच राहतात. इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि तो लिहिण्याआधी कुणी कॉपी घेतली असेल तर तोही इलाज अपुरा. बनावट नावं वापरा. त्यात ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ असली नावं मुद्दाम घाला: हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखाच दिसतो, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली तक्त्याची साधी फाइल) काढून देणार असाल तर ती एक्सेलमध्ये उघडून बघा. यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम (फाइल कुठल्या लिपी-संकेतात आहे ते सांगणारी खूण) नसेल तर मराठीचा चुथडा होतो.

आता तो कॉम्प्युटर. तुमच्या लॅपटॉपवर चालतंय याला काही अर्थ नाही. संस्थेत जाऊन मशीन बघा. विंडोज ७ निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पायथॉन वापरत असाल तर विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८ आहे, इलेक्ट्रॉन (वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) असेल तर २२. म्हणजे एकतर जुन्या आवृत्तीवर थांबायचं, नाहीतर ‘विंडोज १० पासून पुढे’ असं स्पष्ट लिहायचं. दोन्ही चालेल, पण ते ठरवून झालं पाहिजे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर मराठी पावती चित्र म्हणून छापावी लागते आणि वेळ लागतो. दीडशे पावत्या काढून घड्याळ बघा. फॉन्ट सोबत द्यायचा असेल तर ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ द्या, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. सही नसलेल्या इन्स्टॉलरवर विंडोज निळा इशारा दाखवतं आणि सचिव तिथेच फोन लावतो, म्हणून तो पडदा चित्रासकट रीडमीमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) टाका. रीडमी मराठीत लिहा, हे सांगायला नको.

तारीख ठरवताना कॅलेंडर संस्थेचं घ्या. मार्चअखेर नको, दिवाळीच्या आधीचा महिना नको. बिलाची पाळी १, ११ किंवा २१ तारखेला सुरू होते, तेव्हा यातल्या एखाद्या तारखेच्या आठवडाभर आधी ०.१.०-आरसी१ (रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती) काढा आणि त्यानंतर नवीन काही घालू नका, फक्त दुरुस्त्या. ते एक अख्खी पाळी जुन्या पद्धतीच्या जोडीने चालवा. दोन्हीकडची बिलं पैशापैशाला जुळली की त्याच कमिटला ०.१.० चा टॅग लावा. जुळली नाहीत तर दुरुस्त करून आरसी२ काढा आणि पुढची पाळी धरा. रिलीज दहा दिवस पुढे गेलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. एकदा लोकांना दिलेली फाइल मात्र गुपचूप बदलायची नाही. चूक सापडली तर ०.१.१.

रिलीज नोट्समध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी लिहा: फरक निघत नाही, मशीन जोडता येत नाही, एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालतं. कुणीतरी करवीर नाहीतर राधानगरी तालुक्यातून उतरवून घेणार, त्याला हे बसवायच्या आधी कळू दे.

आणि सचिव गिटहबवर इश्यू (अडचणीची नोंद) लिहिणार नाहीत, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतील. तो फोटो बघून सभासदाची नावं काढून इश्यू लिहायचं काम तिघांपैकी एकाकडे नावानिशी द्या, आणि पहिली पाळी चालू असेपर्यंत पहाटेच्या संकलनाच्या वेळी फोन कोण उचलणार तेही आत्ताच ठरवा.