घंटागाडी गवत घेत नाही

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत झाडं मागे पडतात आणि कापलेलं गवत पुढे येतं. मी पुण्यात 21 वर्षं लॉन राखायची कंत्राटं घेतो. चार माणसं, दोन मशीन आणि एक छोटा हत्ती. त्या छोट्या हत्तीत फुलझाडांपेक्षा गवताचीच पोती जास्त वाहिली असतील. या वेळी तीन पत्रं घेतो.

आमच्या सोसायटीत साधारण 6 हजार चौरस फुटांचं लॉन आहे. माळी दर आठवड्याला दहा पोती गवत काढून ठेवतो आणि घंटागाडीवाले ते घेत नाहीत. मागच्या बाजूला विटांचा हौद बांधून त्यात टाकायला लागलो, तर तळमजल्यावरच्या घरांत वास आणि माश्या. काही सभासद म्हणतात, वाळलं की पेटवून द्या. काय करावं?
— सोसायटीच्या सचिव, कोथरूड

ताई, पेटवू मात्र नका. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली. दंड 5 हजारांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25 हजारांचा. घंटागाडीवाल्यांवरही चिडू नका. बागेचा कचरा घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळा ठेवायचा, हे त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांपासून ठरलेलं आहे.

आता मुळाकडे येऊ. तुम्ही माळ्याला पैसे कशाचे देता? माझ्या जुन्या कोटेशनमध्ये एकच ओळ असायची, ‘गवत कापणे व उचलणे’. गेटपाशी पोत्यांची रांग दिसली की कमिटी खूश, आणि खरं सांगायचं तर मीही खूश. ताज्या गवतात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं. म्हणजे मी डिझेल जाळून गावभर पाणी हिंडवत होतो आणि त्याचं बिल लावत होतो. पुढे मी त्या ओळीच्या दोन ओळी केल्या: ‘कापणे’, आणि खाली वेगळ्या दराने ‘उचलणे, सांगितल्यास’. दुसऱ्या ओळीपुढचा आकडा बघून लोक पहिल्यांदाच विचारायला लागले, उचललं नाही तर काय होतं हो?

काही होत नाही. उलट, कापलेलं बारीक गवत जागेवरच राहू दिलं तर लॉनला वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो. तेवढा युरिया वाचला. अट एवढीच की एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. तीन इंच वाढलेलं दोनवर आणा, एकवर नको. भर पावसाळ्यात त्यासाठी आठवड्यातून एकदा मशीन फिरवावंच लागतं. पाऊस उघडून पाती कोरडी झाल्यावर फिरवा, नाहीतर गवताचे लगदे पडतात आणि त्याखाली लॉन पिवळं पडतं. मशीनच्या मागची पिशवी काढून ठेवा, पण पिशवी काढल्यावर मागची झडप खाली पडते आहे ना, ते आधी बघा. खडा उडाला तर माळ्याच्या नडगीवरच येतो. लॉनखाली मातीवर सुक्या काड्यांची जी गादी धरते ती या चुऱ्याने धरते असा समज आहे. ती धरते गवताच्या जुन्या खोडामुळांनी. चुरा काही दिवसांत जिरून जातो.

तरी आठ-पंधरा दिवस पाऊस उघडत नाही आणि गवत गुडघ्याकडे निघतं. तेव्हा उचलावंच लागतं. त्यासाठी तुमचा हौद कामाचा आहे, चुकलंय ते भरणं. नुसतं हिरवं गवत एकावर एक पडलं की चिकटून त्याची थप्पी होते, आत हवा जात नाही आणि ते कुजायच्या ऐवजी सडतं. हौदाजवळ जाऊन नाकाने ओळखा. डोळ्यांत झोंबणारा, मुतारीसारखा वास असेल तर हिरवं जास्त झालंय. नासक्या अंड्यांचा असेल तर हवा कोंडलीय. दोन्हीवर औषध एकच, सुका पाला. एक घमेलं गवत, त्यावर दोन ते तीन घमेली पाला, आणि गवताचा थर बोटभर उंचीपेक्षा जाड नको. हौदाच्या भिंतीत विटा सोडून भोकं ठेवा आणि वर ताडपत्री घाला.

पावसाळ्यात सुका पाला आणायचा कुठून, हे तुम्ही विचारणारच. तो फेब्रुवारी-मार्चमध्येच साठवायचा. तेव्हा पुण्यातल्या निम्म्या सोसायट्या पोत्यांनी पाला फुटपाथवर ठेवून देतात. शहरात ‘ब्राउन लीफ’ नावाचा गट आहे, तो पाला नको असणाऱ्यांची आणि हवा असणाऱ्यांची गाठ घालून देतो. यंदा मात्र सुताराकडचा लाकडाचा भुसा किंवा फाडलेले खोके वापरा. भुसा साध्या लाकडाचा मागा, प्लायवूडचा नको.

हौदातला ढीग तापून कुजायला लागला की नाही हे बघायला माझा माणूस लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवतो आणि चहा पिऊन येतो. सळई हातात धरवली नाही तर ढीग नीट पेटलाय, पेटवायचा तर असा. धरवली की खालीवर करायचा.

ढिगात पांढऱ्या जाड अळ्या दिसतील. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, म्हणून ओरडा होईल. एक अळी फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी पडून सरकायला लागली तर ती फुलभुंग्याची आहे, पालाच खाते, परत ढिगात सोडा. हुमणी पाठीवर चालत नाही.

आमचं लग्नाचं लॉन आहे. फुलं आणि गवत एकत्र खड्ड्यात टाकतो, पण खत चाळलं की त्यात चमकी, पिना, प्लास्टिकच्या पट्ट्याच निघतात.
— एक लॉन्समालक, नाशिक रोड

चाळण बदलून उपयोग नाही, डेकोरेटर बदला. किंवा बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या की पार्टी पॉपर आत येणार नाही आणि हार सुतळीने बांधायचे. चमकी एकदा गवतात गेली की ती निघत नाही. माझ्याकडच्या एका लॉनवर दोन वर्षांपूर्वीची चंदेरी चमकी अजून मशीनबरोबर उडते. डेकोरेशनची फुलं रात्रीच, पिना जागेवर असेपर्यंत, टेबलावर सोडवून घ्यायची. सकाळी झाडूखाली गेली की संपलं. जेवणाचं उष्टं त्या खड्ड्यात अजिबात नको, घुशी येतात.

नुकताच लॉनच्या कामात पडलोय. कापलेलं गवत शेजारच्या एका ताईंना भाजीच्या वाफ्यात अंथरायला देतो. चालेल ना? आणि मशीनचं जळकं ऑइल कुठे टाकू? बॅटरीचं मशीन घ्यावं का?
— हडपसरहून एक तरुण

दादा, आधी सांगा, तणनाशक मारता का? मी हे करून बसलोय. एका बंगल्याच्या लॉनवर रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं आणि चार दिवसांनी कापलेलं गवत दुसऱ्या एका काकूंच्या टोमॅटोला दिलं. पंधरवड्यात शेंड्याची पानं पिळून काढलेल्या फडक्यासारखी झाली. काकू मला म्हणाल्या, ‘‘पाणी जास्त झालं का रे?’’ मी हो म्हणालो. खरं सांगायला मला आठवडा लागला. फवारलेल्या लॉनचं गवत कुणालाही देऊ नका, तिथेच पडू द्या.

जळकं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, पाणी किंवा पेट्रोल मिसळू नका आणि जुनं ऑइल रीतसर पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजला द्या. स्लॅबच्या फळ्यांना लावायला सेंट्रिंगवाले मागतील, देऊ नका. फळ्यांवरून ते मातीतच उतरतं. बॅटरीचं मशीन छोट्या बंगल्यांना उत्तम, आवाज कमी. बॅटरी मेली की भंगारात टाकू नका. परत घ्यायची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकावर आहे, म्हणून बिल जपून ठेवा. तुम्हीही सुका पाला साठवणार असाल तर भरायला युरियाची 45 किलोची रिकामी पोती घ्या, पण उन्हाने त्यांचे प्लास्टिकचे दोरे सुटायला लागले की लगेच बाजूला काढा. एकदा ते दोरे मातीत गेले की वेचत बसावं लागतं.

तुमच्या कोटेशनचा कागद मात्र मला पाठवा. उचलण्याची ओळ वेगळी लिहिलीय का, ते बघतो.